न चुकणारी बाई

भाग संपत आला की एक वयस्कर गृहस्थ हॉस्पिटलच्या संचालकांच्या खोलीत येतात. अंगात टापटीप सूट, हातात पेटी. कमरेतून वाकून नमस्कार करतात, पेटी टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, “खरबूज आणलंय.” पेटीत जाळीदार सालीचं, देठ तसाच राखलेलं एक खरबूज असतं. जपानात असं खरबूज घरी कापून खाण्यापेक्षा कुणाचा तरी मान राखायला नेण्याची रीत आहे. शिझुओकाकडचे शेतकरी एका वेलीवर एकच फळ वाढू देतात, बाकीची कोवळी असतानाच खुडून टाकतात. किंमतही मग तशीच. संचालकांचा चेहरा खुलतो. तेवढ्यात पाहुणे कोटातून एक पाकीट काढतात, “आणि हे बिल.” आकडा पाहून संचालकांचा आवाज घशातच अडकतो. पाहुणे पुन्हा वाकतात, बाहेर पडतात आणि लांबलचक कॉरिडॉरमधून लहान मुलासारखे उड्या मारत निघून जातात.

हे बिल त्या भागात झालेल्या, बाकी सगळ्यांनी हात टेकलेल्या शस्त्रक्रियेचं असतं. ती करणारी बाई तिथं नसते. तिला संचालकांकडून शाबासकी नको असते, शालश्रीफळ नको असतं आणि पुढच्या बढतीत नावही नको असतं. शस्त्रक्रिया संपल्यावर गोड पाकाच्या छोट्या डब्या घशात रिकाम्या करून ती केव्हाच घरी गेलेली असते, आणि माहजाँगचा डाव मांडून बसलेली असते.

तिचं नाव मिचिको दाइमोन. मालिका ‘डॉक्टर एक्स’. जपानच्या टीव्ही आसाही वाहिनीवर 18 ऑक्टोबर 2012 ला, गुरुवारी रात्री नऊ वाजता ती सुरू झाली आणि 2021 च्या डिसेंबरपर्यंत तिचे सात सीझन झाले. डिसेंबर 2024 मध्ये चित्रपट काढून निर्मात्यांनी तिचा निरोप घेतला. दुसऱ्या सीझनला तोक्यो आणि भोवतालच्या कांतो भागात सरासरी 23 टक्के घरांतून प्रेक्षक मिळाले. तोवर लोक मोबाइलकडे वळले होते आणि मालिकेनं 20 टक्क्यांचा आकडा ओलांडणं दुर्मीळ झालं होतं. र्‍योको योनेकुरा या अभिनेत्रीनं दाइमोनची भूमिका केली. त्या खरबूजवाल्या गृहस्थांचं नाव आकिरा कानबारा. दाइमोनचे ते गुरू, आणि बाहेरचे डॉक्टर रोजंदारीवर पुरवणाऱ्या छोट्याशा संस्थेचे मालक. इत्तोकु किशिबे यांनी ते काम असं केलंय की त्यांचं वाकणंसुद्धा लक्षात राहतं.

मी ही मालिका भाचीमुळे पाहिली. पुण्यात जपानी शिकणारी मुलं गल्लोगल्ली आहेत, त्यातलीच ती एक. एन-थ्रीच्या परीक्षेची तयारी म्हणून तिनं पहिला भाग लावला, मी शेजारी भाजी निवडत बसले होते. दहाव्या मिनिटाला तिनं चित्र थांबवलं आणि मला एक शब्द समजावून सांगितला. तो शब्द कळला नसता तर ही बाई मला नुसती फटकळ वाटली असती.

जपानीत ‘करणं’ म्हणजे ‘सुरु’. स्वतःकडे धाकटेपणा घेऊन, समोरच्याला वर ठेवून तेच बोलायचं तर ‘इतासु’. दुकानातला विक्रेता, बँकेच्या खिडकीमागची मुलगी, स्टेशनवरची उद्घोषणा, सगळे याच क्रियापदात बोलतात. आपल्या जुन्या पत्रांतलं ‘सेवेसी विज्ञापना’ आठवावं, तसा त्याचा थाट. दाइमोन हेच लीन क्रियापद घेते आणि त्याला नकार जोडते : ‘इताशिमासेन’. म्हणजे ‘करणे नाही’. शब्दानं मान राखलेला असतो, अर्थानं दार लावून घेतलेलं असतं. तिच्यावर उद्धटपणाचा आरोप करायचा तर व्याकरणात कुठं बोट ठेवणार?

आणि ती नाकारते तरी काय? प्रोफेसरांच्या राऊंडमध्ये त्यांच्या मागून चालणं. त्यांच्या नावावर छापायचा शोधनिबंध लिहून देणं. गोल्फ, सहली, मेजवान्या, पाहुण्यांना दारापर्यंत पोचवायला उभं राहणं. करारातच लिहिलेलं असतं की डॉक्टरचा परवाना लागत नाही असं कोणतंही काम ही बाई करणार नाही. ओव्हरटाइमही नाही. तिच्या नकारांची यादी नीट वाचली तर लक्षात येतं की तिनं आजवर एकही रुग्ण नाकारलेला नाही. उलट ज्याला बाकीच्यांनी ‘शस्त्रक्रियेपलीकडचा’ म्हणून खोलीत ठेवून दिलंय, त्याच्याच पलंगापाशी ती जाते. बाकी सगळ्याला ‘नाही’ म्हटल्यामुळे तिचे दोन्ही हात या एका कामाला मोकळे असतात. तिच्याकडे ओढून घेणारी गोष्ट मला तरी हीच वाटते. तिला बंडखोर म्हणतात, पण बंडखोराला गादीशी काहीतरी वैर असतं, गादीचं वेड असतं. हिला गादीचं काही देणंघेणंच नाही.

तिच्यासमोर जे उभे आहेत त्यांचाही एक शब्द आहे : ‘ग्योइ’. सामुराई काळात धन्यापुढे झुकून म्हणायचा हा शब्द. आपल्या ऐतिहासिक नाटकातला ‘जशी आज्ञा, महाराज’ म्हणा ना. मालिकेत पांढरे कोट घातलेले, पन्नाशी गाठलेले सर्जन मीटिंगमध्ये एका सुरात तो उच्चारतात. शिगेकात्सु हिरुमा हे त्यांचे साहेब. तोशियुकी निशिदा यांनी रंगवलेला हा माणूस लबाड आहे, लोभी आहे, घाबरट आहे आणि तरी त्याचा पूर्ण तिटकारा येत नाही. निशिदा 17 ऑक्टोबर 2024 ला गेले, चित्रपट लागायच्या दीड महिना आधी. पडद्यावरचं हिरुमांचं ते शेवटचं वाकडं हसू जपानी प्रेक्षकांनी डोळे पुसतच पाहिलं असेल.

राऊंडचं दृश्य तर प्रत्येक सीझनला असतं. कॉरिडॉरच्या पलीकडच्या टोकाकडून साहेब निघतात, मागं दर्जाप्रमाणे सहयोगी प्राध्यापक, व्याख्याते, सहायक, शिकाऊ अशी पाचरीसारखी रांग. पावलं एका तालात. आणि समोरून उंच टाचांचा टक टक आवाज करत ही बाई एकटी येते. पार्श्वभूमीला कान सावादांचं संगीत, त्यात जुन्या काऊबॉय सिनेमासारखी शिट्टी. माझ्या वडिलांच्या आजारपणात एका मोठ्या हॉस्पिटलात मी असा राऊंड रोज पाहिला आहे. अकरा माणसं पलंगाभोवती यायची, इंग्रजीत बोलायची आणि जायची. बाबा त्यातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहायचे. सहाव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “यातला आपला डॉक्टर कोणता?” मला सांगता आलं नाही. दाइमोन त्या रांगेला छेदून पलीकडे जाते तेव्हा मला दर वेळी बाबांचा प्रश्न आठवतो.

या रांगेमागं एक खरी व्यवस्था आहे आणि ती समजल्याशिवाय मालिकेची धार कळत नाही. जपानी विद्यापीठांच्या वैद्यकीय विभागांत ‘इक्योकु’ नावाची चीज असते. एका प्रोफेसराच्या हाताखालचा विभाग म्हणावं, पण तो विभागापेक्षा घराण्यासारखा चालतो. पदवी घेतली की तरुण डॉक्टर एखाद्या इक्योकुत दाखल व्हायचा. मग त्यानं कोणत्या गावच्या हॉस्पिटलात किती वर्षं काढायची, परत कधी यायचं, डॉक्टरेट कधी मिळवायची, हे प्रोफेसर ठरवायचे. गावोगावच्या हॉस्पिटलांना डॉक्टर हवे असत, ते या विभागाकडूनच मिळत, त्यामुळे ती हॉस्पिटलंही प्रोफेसरांच्या मुठीत. या पद्धतीनं दुर्गम भागांना वर्षानुवर्षं डॉक्टर पुरवले, हेही खरं आहे. 2004 मध्ये सरकारनं दोन वर्षांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं आणि ते कुठं घ्यायचं हे तरुणांना निवडू दिलं. अनेकांनी विद्यापीठाकडे पाठ फिरवली. माणसं कमी पडू लागली तशी विद्यापीठांनी गावांत पाठवलेले डॉक्टर परत बोलावले आणि गावं उघडी पडली. मालिका नेमकी या पडझडीच्या काळात सुरू होते. मोडकळीला आलेल्या वाड्यात रोजंदारीवर बाहेरची कारागीर आणावी लागते, आणि वाड्यातल्यांना तेच सहन होत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला इथं जरा थांबावं लागेल. पुण्या-मुंबईत, सांगली-कोल्हापुरात भूलतज्ज्ञ सकाळी एका नर्सिंग होममध्ये, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या ठिकाणी जातात. सर्जनही तसेच फिरतात. त्यात कुणाला नाट्य दिसत नाही. तोक्योच्या विद्यापीठ हॉस्पिटलात मात्र ‘मी कुणाची नाही’ असं म्हणणारी सर्जन म्हणजे गोत्र न सांगणारी नवरी. तिच्या नावातही ते आहे. ‘मिचि’ हा भाग ज्या दोन अक्षरांनी लिहिलाय त्यांचा अर्थ ‘अज्ञात’. गणितातला ‘एक्स’ तो हाच.

जपानी प्रेक्षकाच्या मनात तिच्या आधीचे दोन सर्जन पक्के बसलेले होते. पहिला तोयोको यामासाकी यांच्या ‘शिरोइ क्योतो’ म्हणजे ‘पांढरा मनोरा’ या कादंबरीतला गोरो झाइझेन. 1963 पासून ती साप्ताहिकात क्रमशः आली, 1966 मध्ये तिच्यावर चित्रपट झाला, नंतर पुन्हा पुन्हा मालिका झाल्या. झाइझेनचे हात सोन्याचे, पण डोळा प्रोफेसरच्या खुर्चीवर. खुर्ची मिळवण्याच्या नादात एका रुग्णाकडे त्याचं दुर्लक्ष होतं, रुग्ण दगावतो, खटला होतो, आणि अखेर तो स्वतः कॅन्सरनं मरतो. दुसरा ओसामु तेझुकांचा ब्लॅक जॅक, 1973 पासून साप्ताहिकात येणाऱ्या चित्रकथेचा नायक. तेझुका स्वतः ओसाकात वैद्यक शिकलेले. त्यांचा नायक परवान्याशिवाय शस्त्रक्रिया करतो आणि अवाच्या सव्वा पैसे मागतो. एक मनोऱ्याच्या टोकावर चढायला जाऊन कोसळला, दुसरा मनोऱ्याच्या बाहेर अंधारात राहिला. दाइमोन मनोऱ्यात येते, काम करते, संध्याकाळी पाच वाजता बाहेर पडते. तिच्याजवळ परवाना आहे आणि तेवढाच आहे. लेखिका मिहो नाकाझोनो यांनी शोधलेली ही तिसरी वाट फार साधी आहे आणि इतकी वर्षं कुणाला दिसली नव्हती.

नाकाझोनो यांना ती दिसली याला कारण आहे. 2007 मध्ये त्यांनी ‘हाकेन नो हिनकाकु’ नावाची मालिका लिहिली होती. ‘हाकेन’ म्हणजे एजन्सीमार्फत कामाला पाठवलेली कंत्राटी माणसं. तिची नायिका हारुको ओमाए ही अशीच कंत्राटी कारकून. ढीगभर परवाने आणि प्रमाणपत्रं जवळ असलेली, सहाच्या ठोक्याला उठणारी, ऑफिसच्या पार्टीला न जाणारी. जपानात 1986 मध्ये कंत्राटी कामाचा कायदा लागू झाला, 1999 मध्ये तो बहुतेक सगळ्या कामांना खुला झाला, 2004 मध्ये कारखान्यांनाही. 2008 च्या मंदीत ही माणसं रातोरात काढली गेली. कंपनीची खोली कामाबरोबरच गेली, आणि त्या वर्षअखेरीला तोक्योच्या हिबिया बागेत बेघर झालेल्या कामगारांसाठी तंबू ठोकून जेवणाच्या पंगती वाढाव्या लागल्या. ऐन नवीन वर्षाच्या सणात सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. आज जपानात नोकरी करणाऱ्या बायकांत निम्म्याहून जास्त बायका कायम नाहीत.

आता अशा बायकांच्या घरांत गुरुवारी रात्री काय चालत असेल ते डोळ्यांपुढे आणा. दिवसभर ‘इताशिमासु’, ‘इताशिमासु’ करून आलेली बाई पाय पसरून बसली आहे. करार मार्चमध्ये वाढेल की नाही ठाऊक नाही. तिच्यासमोर एक कंत्राटी बाई विद्यापीठाच्या संचालकाला, त्याच क्रियापदात, ‘करणे नाही’ म्हणते. आणि तिला काढून टाकता येत नाही, कारण ते काम दुसऱ्या कुणाला येतच नाही. कायम नोकरीतल्या माणसालाही हे दृश्य हवंच असतं, त्याच्यापुढे तर रोज एक हिरुमा बसलेला असतो. त्याच काळात, 2013 मध्ये, ‘हानझावा नाओकी’ या बँकेतल्या अधिकाऱ्याच्या मालिकेचा शेवटचा भाग कांतोत 42.2 टक्के घरांनी पाहिला. साहेबाला गुडघ्यांवर आणणारा तो नायक सूड घेतो, पण त्या बँकेपासून सुटत नाही. दाइमोनला सूडाची गरज पडत नाही. मला ती त्याच्याहून कितीतरी मोकळी वाटते.

योनेकुरा यांनीही 2020 च्या मार्चअखेर आपली जुनी एजन्सी सोडली आणि स्वतःची कंपनी काढली. जपानी मनोरंजनाच्या धंद्यात एजन्सीचं नातं इक्योकुसारखंच असतं. त्यामुळे ही बातमी वाचून अनेकांना दाइमोनच आठवली असणार.

पण मालिकेचं सगळ्यात गाजलेलं वाक्य नकाराचं नाही. ते आहे : ‘वाताशी, शिप्पाइ शिनाइ नोदे.’ मी चुकत नाही, म्हणून. वाक्य ‘म्हणून’वर सुटतं, पुढचं ऐकणाऱ्यानं भरून घ्यायचं. जणू ती समोरच्याला सौजन्यानं एक कारण देते आहे, चहाला थांबत नाही, घरी मुलं वाट पाहतात, अशा सुरात. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या काओरी मात्सुमोतो या ज्युदोपटूच्या मुलाखतीतल्या उद्गारावरून ते सुचल्याचं नाकाझोनो यांनी सांगितलं आहे. खेळाडूच्या तोंडी ते शोभतं. सर्जनच्या तोंडी शोभतं का? खरा सर्जन असं बोलला तर मी त्याच्याकडून शस्त्रक्रिया करून घेणार नाही. संमतिपत्रावर सही घेताना धोके समजावून सांगणारा, क्षणभर अडखळणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

तरी हे वाक्य जपानात एवढं का झोंबलं, ते समजून घेण्यासारखं आहे. 1999 च्या जानेवारीत योकोहामा शहर विद्यापीठाच्या हॉस्पिटलात एका परिचारिकेनं दोन रुग्णांना एकाच वेळी शस्त्रक्रिया विभागाकडे नेलं. एकाचं हृदयाचं ऑपरेशन होतं, एकाचं फुफ्फुसाचं. दोघांची अदलाबदल झाली आणि दोघांवर चुकीची शस्त्रक्रिया झाली. टेबलाभोवती एवढी माणसं, आणि कुणी थांबवलं नाही. मनोऱ्यावरचा लोकांचा विश्वास त्या वर्षी तडकला. मग लंबक दुसरीकडे गेला. फुकुशिमातल्या ओनो नावाच्या हॉस्पिटलात 2004 मध्ये सिझेरियनच्या वेळी एका मातेचा मृत्यू झाला. 2006 मध्ये पोलिसांनी तिच्या प्रसूतितज्ज्ञाला अटक केली. तो त्या हॉस्पिटलातला एकटा प्रसूतितज्ज्ञ होता. 2008 मध्ये न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं, पण तोवर देशभरच्या डॉक्टरांच्या मनात भीती बसली होती आणि कितीतरी हॉस्पिटलांनी बाळंतपणं घेणं थांबवलं. म्हणजे रुग्णाला भीती की चूक झाली तर लपवतील, आणि डॉक्टरला भीती की चूक नसली तरी बेड्या पडतील. या दोन भीतींच्या मधोमध एक बाई उभी राहून म्हणते, मी चुकत नाही. पाऊण तास दोघांनाही शांत झोप लागते.

नाकाझोनो यांचा मोठेपणा असा की त्यांनी या वाक्यामागं चमत्कार ठेवला नाही. पाचव्या सीझनच्या शेवटी दाइमोन स्वतः आजारी पडते. पोटाच्या मागच्या पोकळीत गाठ असते, वाढलेली. तिच्या शस्त्रक्रियेला हात घालणारं कुणी नसतं. तेव्हा सहकाऱ्यांच्या हाती तिच्या वह्या लागतात. प्रत्येक रुग्णासाठी तिनं हातानं लिहिलेल्या, आकृत्या काढलेल्या, ‘असं झालं तर हे, तसं झालं तर ते’ अशा एकेक शक्यतेचा विचार करून ठेवलेल्या. आयत्या वेळी तिला सुचतं असं आपल्याला इतके दिवस वाटत होतं. तिला सुचत नव्हतं, तिनं ते आदल्या रात्री लिहून ठेवलेलं होतं. गोल्फला न जाणारी बाई संध्याकाळी काय करत होती याचं उत्तर त्या वह्यांत आहे. आयुष्यभर ‘ग्योइ’ म्हणत आलेली ती माणसं त्या वहीबरहुकूम तिच्यावर शस्त्रक्रिया करतात. मला ही संपूर्ण मालिकेतली सर्वांत उंच जागा वाटते, कारण इथं कौशल्य एकीच्या हातातून निघून चारजणांच्या हातात जातं.

इथवर मी तिची भक्त आहे. पुढचं बोलताना मला त्रास होतो, पण बोलायला हवं.

सात सीझनमध्ये हिरुमा किती वेळा तोंडघशी पडतात ते मोजायचं मी सोडून दिलं. पैसे खाताना पकडले जातात, पायउतार होतात, पुढच्या सीझनला कुठल्यातरी खुर्चीत पुन्हा हजर. त्यांच्या हाताखालचे सर्जन निदान चुकतात, टेबलावर हात थरथरतात, आडगावी बदली होते, परत येतात. आपण त्यांना हसतो आणि माफ करतो. त्या इमारतीत चुकण्याचा हक्क सगळ्यांना आहे. एकीला नाही. दाइमोन ज्या दिवशी एकदा चुकेल त्या दिवशी तिचा करार, तिची टाचांची टकटक, तिचं ‘करणे नाही’, सगळं संपेल. तिला ‘नाही’ म्हणता येतं ते न चुकण्याच्या बोलीवर. तिच्याइतके हात नसलेल्या, मध्यम, कष्टाळू, कधीतरी चुकणाऱ्या बाईनं राऊंडला जायचं नाकारलं तर काय, हे मालिका कधी विचारत नाही. मनोरा तसाच राहतो, फक्त त्याला एक अपवाद लाभतो.

मनोऱ्याबाहेरही हाच हिशेब चालू होता. 2018 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे मालिकेच्या पाचव्या आणि सहाव्या सीझनच्या मधल्या वर्षी, तोक्यो मेडिकल युनिव्हर्सिटीचं प्रकरण बाहेर आलं. प्रवेशपरीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यात 100 गुणांचा निबंध असे. आधी सगळ्यांच्या गुणांना 0.8 नं गुणायचं. मग त्या वर्षी शाळा संपवलेल्या किंवा एक-दोन वर्षं पुन्हा बसलेल्या मुलांना 20 गुण वाढवून द्यायचे, तीन वर्षं बसलेल्या मुलांना 10. मुलींना काहीच नाही. म्हणजे मुलीचा निबंध सर्वोत्तम ठरला तरी तिची मजल 80 पर्यंत. 2006 पासून मुलींचे गुण असे कापले जात होते. बाळंतपणानंतर बायका काम सोडतात, शिफ्ट लागत नाहीत, असं त्यामागचं कारण. दुसऱ्या एका नामांकित विद्यापीठानं, जुंतेंदोनं, मुलाखतीत मुलींसाठी निकष वर नेला होता. खुलासा असा की त्या वयात मुलींना मुलांपेक्षा चांगलं बोलता येतं, म्हणून तो फरक भरून काढला. मुलींना कच्च्या म्हणून कापलं असं नव्हे, त्या चांगल्या होत्या म्हणून कापलं. त्या वर्षी जपानमधल्या डॉक्टरांत बायका 21.9 टक्के होत्या, श्रीमंत देशांत सर्वांत कमी. सर्जरीत तर दहात एकही नाही.

आणि बायका काम सोडतात म्हणे, पण कोणतं काम? एप्रिल 2024 मध्ये जपाननं डॉक्टरांच्या ओव्हरटाइमवर पहिल्यांदा कायद्यानं मर्यादा घातली. वर्षाला 960 तास. आणि काही हॉस्पिटलांना सवलत म्हणून 1,860 तास. हे नेहमीच्या कामाच्या वरचे तास आहेत. महिन्याला 155 जादा तास ही जिथं कायदेशीर मर्यादा आहे, तिथं सासू-सासरे किंवा आजी-आजोबा घरात नसतील तर आई झालेली सर्जन टिकणार कशी? दाइमोनला नवरा नाही, मूल नाही, तिचा स्वयंपाकही कानबारा करतात. लेखिकेनं हे सोयीसाठी केलं असेल, पण त्यातून खरी गोष्ट नकळत सांगितली गेली. न चुकणाऱ्या बाईलाही एवढं सगळं आयुष्यातून वजा करावं लागतं.

या विषयावर लिहायचं ठरवलं तेव्हा मी एक फोटो काढून समोर ठेवला. मराठी घरांत तो ओळखीचा आहे. 10 ऑक्टोबर 1885, फिलाडेल्फिया, बायकांचं वैद्यकीय महाविद्यालय. डावीकडे नऊवारीतल्या आपल्या आनंदीबाई जोशी. उजवीकडे सीरियाची सबात इस्लामबुली. आपण आनंदीबाईंकडे पाहतो आणि फोटो मिटवतो. मधे किमोनो घातलेली बाई बसली आहे, तिचं नाव केइ ओकामी. आनंदीबाई 1886 मध्ये पदवीधर झाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलातली जागा त्यांची वाट पाहत राहिली. त्यांना चुकायला वेळच मिळाला नाही. ओकामी 1889 मध्ये पदवी घेऊन जपानला परतल्या आणि तोक्योच्या जिकेइ हॉस्पिटलात कामाला लागल्या. बादशहा मेइजी हॉस्पिटल पाहायला आले तेव्हा ती बाई आहे म्हणून तिनं त्यांच्यासमोर येऊ नये असं ठरलं आणि तिनं राजीनामा दिला, अशी तिची गोष्ट सांगितली जाते. त्यानंतर तिनं आपल्या राहत्या घरी दवाखाना उघडला.

तिच्या नावावर न चुकल्याचा कुठलाही विक्रम नाही. ती एक शिकलेली डॉक्टर होती आणि तिनं ‘करणे नाही’ म्हटलं, बस. दाइमोनच्या आधी सव्वाशे वर्षं. मला त्या मधल्या खुर्चीवरच्या बाईची मालिका पाहायची आहे, जिच्यात ती चुकते, वहीत चूक लिहून ठेवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये जाते आणि तिला कुणी काढत नाही.

2018 च्या बोभाट्यानंतर सरकारनं सगळ्या वैद्यकीय महाविद्यालयांचे प्रवेश तपासायला घेतले आणि गुण सगळ्यांना सारखे मोजले जाऊ लागले. 2021 च्या प्रवेशपरीक्षांत देशभर मुलांचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण 13.51 टक्के होतं, मुलींचं 13.60. सरकारनं ही आकडेवारी ठेवायला सुरुवात केल्यापासून मुली पुढे असण्याची ती पहिली वेळ. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘डॉक्टर एक्स’चा सातवा आणि शेवटचा सीझन लागला.